बांधावरचा लाटसाहेब

गुरुवारी सकाळची न्याहारी झाली की सोपानराव रासकर कडक इस्त्रीची टोपी घालायचे, चपला झटकायचे आणि कॅनॉलच्या वाटेला लागायचे. फुलाबाई, म्हणजे त्यांची बायको, तव्यावरची भाकरी उलटता उलटता मागं न बघताच विचारायची, "निघाला का भावाला भेटाय?"

"भावाला न्हाय. साहेबाला."

"तेच ते."

एकोणीस वर्षं दर गुरुवारी हा सवाल-जवाब चालला होता. आणि बाई खरं बोलत होती.

आता हा साहेब कोण ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गुंता नको. लासुर्ण्याच्या अलीकडं कॅनॉलमधून गावाची चारी फुटते, तिथं लोखंडी दाराशेजारी छातीइतका उंच काळा दगड उभा आहे. वरच्या अंगाला इंग्रजी अक्षरं, खालच्या अंगाला शेंदूर. शेंदूर पहिल्यांदा कुणी लावला ते देवाला ठाऊक. एकानं लावला म्हणून दुसऱ्यानं लावला, दुसऱ्यानं लावला म्हणून सगळ्यांनी, आणि असा थरावर थर चढत शेवटी बोटभर जाडी झाली. वरची अक्षरं ज्यांना वाचता आली त्यांनी एवढंच वाचलं: सर रॉडरिक फेनविक, बॅरिस्टर, गव्हर्नर. एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? गावानं त्याला लाटसाहेब केला.

साहेबाचं सगळं चरित्र सोपानरावांच्या ताब्यात होतं. दाराचं उद्घाटन झालं त्या दिवशी साहेबाच्या डोक्यावर छत्री कुणी धरली होती? सोपानरावांच्या आज्ज्यानं. म्हणजे घरचाच माणूस. कुणी नवखा दगडापाशी थांबला की सोपानराव सुरू करायचे, "लंडनला बॅरिस्टर व्हता बगा. काय साधासुधा न्हाय. त्यो बोलाय उभा राहिला की जज्ज खुर्चीतनं उठायचा. एकबी केस हरला न्हाय. मग राजानं बोलावून घेतला. म्हनला, बाबा, हितली भांडणं तू समदी मिटवलीस, आता हितं तुला काम न्हाय. हिंदुस्थानात जा, तितं लई भांडणं हायत. आन् केला त्याला मुंबईचा गव्हर्नर."

हे ऐकून गावाला वाटलं, इतका मोठा वकील फुकट दारात उभा आहे, तर तालुक्याच्या वकिलाकडं कशाला जा? तेव्हापासून रिवाज पडला. दोघांचं भांडण झालं की दोघांनी गुरुवारी साहेबापुढं यायचं. चपला लांब काढायच्या. बोलायचं ते फक्त साहेबाशी, एकमेकाशी नाही. एकमेकाकडं बघायचंसुद्धा नाही. एक बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आणि साहेबापुढं खोटं बोलायचं नाही. बास. साहेब निकाल देत नाही, तो दगड आहे, हे गावाला कळत होतं. गाव काही येडं नव्हतं. पण मधे न बोलता दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायची वेळ आली की निम्मी भांडणं तिथंच बसायची. ज्याचं भांडण त्यानंच साहेबापुढं बोलायचं, बाकीच्यानं गप्पा मारायला यायचं नाही, हाही नेम होता.

न मिटलेलं भांडण एकच. सोपानराव आणि त्यांचा धाकटा भाऊ जयवंता.

भांडण बांधाचं. चारीला लागून दोघांची रानं, मधे एक बांध. जयवंतानं ट्रॅक्टर घातला तेव्हा बांध दोन हात सोपानरावांच्या अंगावर सरकला, असं सोपानरावांचं म्हणणं. जयवंताचं म्हणणं, बांध जिथं होता तिथंच आहे, दादाचीच नजर सरकली. सोपानराव त्या वेळी बारामतीच्या कोर्टात बेलीफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावलेला माणूस, त्याला भांडण म्हटलं की कोर्टच दिसणार. टाकला तालुक्याला दावा. समन्स घेऊन इंदापूरचा खाजाभाई बेलीफ आला, तो या अंगाला नवखा, जुनी ओळख म्हणून सोपानरावांकडंच आला आणि म्हणाला, "रासकर, हे घर तेवढं दाखवा." आता माणसानं काहीतरी कारण काढून अंग चोरावं की नाही? पण सोपानराव सरकारी कामात कसूर करणारे नव्हते. गेले सोबत, आणि स्वतःच्या सख्ख्या भावाचं घर बोटानं दाखवलं.

जयवंतानं दोघांना चहा पाजला. सही केली. आणि त्या दिवसापासून तो सोपानरावांशी एक शब्द बोलला नाही.

सोपानरावांच्या मनात तो चहा अजून तसाच होता. नुसतं भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. पण म्हणून आपण आधी बोलायचं? थोरला भाऊ असून? छे. आणि जयवंताला वाटायचं, घर दाखवलं त्यानं, त्यानंच आधी बोलावं. दोघांच्या बायका मात्र त्याच बांधावर उभ्या राहून रोज बोलायच्या. इकडचे दोडके तिकडं जायचे, तिकडची डाळिंबं इकडं यायची. फुलाबाई आणि सारजा या दोघी जावांना दाव्याशी काही देणंघेणं नव्हतं.

गुरुवारी मात्र भावाचा आवाज कानावर पडायचा. सोपानराव म्हणायचे, "साहेब, बांधाचं माझं म्हणणं गेल्या वेळंला सांगितलंय, त्येच हाय. दुसरं असं, की काल दोडक्यावर नागअळी पडली." मग जयवंता, तोंड दगडाकडंच ठेवून, "साहेब, बांधाचं माजंबी त्येच. आन् नागअळीवर निंबोळी अर्क मारावा, पर सकाळी, दुपारी न्हाय, आसं ज्याच्या दोडक्यावर पडली त्याला सांगा." साहेब कुणालाच काही सांगायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानरावांच्या पाठीवर पंप असायचा. जयवंताच्या पोरीची वकिलीची सनद, सोपानरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सारजाचे गुडघे, सगळं दोघांना एकमेकाचं कळलं ते साहेबाच्या कानातून.

आणि तालुक्याला तारीख पडली, दावा निकालाच्या जवळ आला, की दोघांतला एक जण हमखास आजारी पडायचा. एका तारखेला सोपानरावांना जुलाब, पुढच्या तारखेला जयवंताची कंबर. निकाल लागला की भांडण संपणार, भांडण संपलं की गुरुवार संपणार. हे दोघंही जाणून होते आणि कुणी बोलत नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका गुरुवारी पाटबंधारे खात्याचा नवा शाखा अभियंता मोटरसायकलवरून आला. अनस मुलाणी त्याचं नाव, कन्हेरीचा पोरगा, बोलायला गोड. जयवंताचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात हा म्हणाला, "नमस्कार, हे दगडाचं..."

जयवंता गप्प झाला. सोपानरावांनी डोळे मिटले. एकोणीस वर्षांत साहेबापुढं कुणी मधे बोललं नव्हतं.

"पोरा," सोपानराव दगडाकडं बघतच म्हणाले, "बूट तिकडं काढ. ह्यांचं झालं की तुजा नंबर. आन् काय सांगायचं ते साहेबाला सांग. आमाला न्हाय."

अनसनं इकडंतिकडं पाहिलं. माणूस समजूतदार, वाद घातला नाही. बूट काढले, मोजे काढले, गवतात दहा मिनिटं उभा राहिला. जयवंतानं आपलं सारजाचं गुडघ्याचं तेल संपवलं तेव्हा अनस पुढं झाला आणि हातातली फाईल छातीशी धरून दगडाला म्हणाला, "साहेब, कॅनॉलला अस्तरीकरण होणार आहे. दोन्ही बाजूंनी काँक्रीट. पुढच्या गुरुवारी मशीन येईल. तुम्हाला इथून हलावं लागेल."

दगड काही बोलला नाही.

"साहेब, ह्याला इचारा, काय उपाय हाय का," जयवंता म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता, आणि तो तसा होताना सोपानरावांनी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, उपाय एकच," अनस म्हणाला. आता त्यालाही लय सापडली होती. "तुम्ही मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होता आणि तुमच्या हस्ते हे दार सुरू झालं, एवढं कुणी जाणकारानं या फॉर्मवर लिहून सही केली, तर मी वारसा दगड म्हणून फाईलला लावतो. मग काँक्रीट तुम्हाला वळसा घालून जाईल."

सोपानरावांचा जीव भांड्यात पडला. जाणकार म्हटल्यावर दुसरा कोण? ते म्हणाले, "साहेब, फॉर्म ठिवून जा म्हणावं. मी लिवतो."

पण बेलीफाचा पेशा. पुराव्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, ही हयातभराची खोड. पुढच्या गुरुवारची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून नियम वाकवून शुक्रवारीही दोघं भाऊ दगडापाशी आले. जयवंता म्हणाला, "साहेब, माजी वृषाली बारामतीला वकिली करती, जळोचीत राहती. तिला मोबाईलमधलं समदं गावतंय. तुमचं काय असंल त्ये तिला गावंल." सोपानराव म्हणाले, "साहेब, मग बोलवा म्हणावं तिला. पुतणीच हाय, परकी न्हाय."

रविवारी वृषाली स्कूटीवरून आली. लॅपटॉपची पिशवी दगडाला टेकवली, दोघं म्हातारे दोन बाजूंना, दोघांची तोंडं दगडाकडं. ती मधे उभी राहून म्हणाली, "आबा, तात्या, मी सगळं शोधलं. पण आधी सांगते, वाईट वाटून घेऊ नका."

"साहेब, वकिलीण बाईंना म्हणावं, पुढं वाचा," सोपानराव म्हणाले.

"ठीक आहे. रॉडरिक फेनविक. लंडनमध्ये बॅरिस्टर. अकरा वर्षं वकिली केली. एकूण केसेस सात."

"सातशे," सोपानरावांनी दुरुस्ती केली.

"सात, तात्या. सहा हरला."



"आन् सातवी?" जयवंतानं विचारलं. साहेबाला विचारायचं तो विसरला.

"सातवीत समोरचा वकील आलाच नाही. कोर्टात उभा राहिला की याला शब्दच फुटायचे नाहीत. त्यानं स्वतः बहिणीला पत्रात लिहिलंय. मग बायकोच्या मामानं वशिला लावला आणि याला गव्हर्नर केला. पण मुंबईचा नाही."

"मग कुठला?" दोघंही एकदम.

"पॅसिफिकमधल्या कुठल्या बेटांचा. सेंट ऑर्बन. कुणालाच जायचं नव्हतं तिथं. हा बोटीनं निघाला होता, वाटेत मुंबईला थांबला. इथला कॅनॉलचा इंजिनिअर त्याचा कॉलेजातला दोस्त. त्यानं बदकांच्या शिकारीला बोलावलं. त्याच दिवशी दाराचं उद्घाटन होतं. मोठा साहेब पुण्याहून यायचा होता, तो आलाच नाही. मांडव पडलेला, लोक जमलेले, हारतुरे आणलेले. मग बंगल्यावर हा पाहुणा रिकामा बसला होता, त्यालाच धरून आणला आणि फीत कापायला लावली."

हे मात्र दोघांनाही पटलं. खोटं कशाला बोला, गावातल्या दहा कार्यक्रमांतले सहा असेच पार पडलेले. पतसंस्थेच्या उद्घाटनाला पुढारी आला नाही म्हणून सोपानरावांनी स्वतः कुठल्याशा डॉक्टरच्या गळ्यात हार घातला होता, आणि तो डॉक्टर जनावरांचा निघाला होता.

जयवंता दगडाला म्हणाला, "साहेब, म्हंजे आमच्यावर तुमी राज्यच केलं न्हाय? मग तर तुमच्यावर आमचा काय राग न्हाय."

सोपानरावांना हसू आलं नाही. चाळीस वर्षं सांगितलेलं चरित्र एका रविवारी वाहून गेलं होतं. ते घरी गेले, वाटीभर खोबरेल आणि नारळाचा काथ्या घेऊन आले आणि दगडाच्या खालच्या अंगाचा शेंदूर चोळायला बसले. हात जोडले, माफी मागितली आणि चोळत राहिले. तासाभरानं एक पापुद्रा सुटला, मग दुसरा. खाली अक्षरं होती. वृषालीनं वाकून वाचली. वरच्या गव्हर्नरच्या पुढची: नियोजित, सेंट ऑर्बन बेटे.

"फुडं त्याचं काय झालं?" सोपानरावांनी विचारलं. "तिकडं बेटावर?"

"तेच सांगायचं राहिलं, तात्या. तिथली भाषा त्याला येत नव्हती. दुभाषी होता तो कायम पिऊन पडलेला. लोक भांडणं घेऊन यायचे. हा झाडाखाली खुर्ची टाकून दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. एवढंच. नऊ वर्षं होता. नऊ वर्षांत त्या बेटांवरून वरच्या कोर्टात एकसुद्धा अपील गेलं नाही."

सोपानरावांनी तेलकट हात पुसला आणि दगडाकडं पाहिलं. "आज्ज्या म्हनायचा," ते हळूच म्हणाले, "साहेब मान तिरकी करून लई ऐकत व्हता. एवढं तरी खरं निघालं."

सोमवारी अनस फॉर्म घ्यायला आला. न सांगता बूट काढून उभा राहिला. फॉर्म सोपानरावांच्या खिशात होता. मुंबईचे गव्हर्नर, एवढे दोन शब्द लिहायचे आणि खाली सही. सुटलेल्या अक्षरांवर परत शेंदूर फासला की खरं काय ते तिघांनाच ठाऊक, आणि तिघं घरचेच. बाकी अख्खं गाव शपथेवर सांगेल, मुंबईचाच होता म्हणून. सोपानरावांनी पेन काढलं. शेजारी जयवंता श्वास रोखून उभा. सोपानरावांनी पेन परत खिशाला लावलं.

"साहेब," सोपानराव शेवटी म्हणाले, "ह्या पोराला सांगा, तुमी मुंबईचे न्हाय. तुमी दुसऱ्याच मुलखाचे. वाटसरू. तुमच्यापुढं खोटं बोलायचं न्हाय ह्यो नेम हाय, आन् तुमच्याच बाबतीत त्यो कसा मोडू?"

अनसनं फाईल मिटली. म्हणाला, "साहेब, मग सरकारी जागेत तुम्हाला ठेवता येत नाही. पण यांनी कुणी आपल्या रानात नेलं तर माझी हरकत नाही. गुरुवारच्या आत."

रानात! कुणाच्या? सोपानरावांच्या रानात नेला तर जयवंता तिथं पाय ठेवणार नाही, आणि उलटंही तेच. गावातला पारावरचा मेळा यात पडला, आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं: साहेब एका पार्टीच्या रानात बसला की तो साहेब राहिला नाही, वकील झाला. मग जागा उरली एकच. दोघांच्या मधली. तो बांध.

आणि त्या बांधावर कोर्टाचा जैसे थे हुकूम. एकोणीस वर्षं त्यावर कुणी दगड सोडा, खुंटी ठोकली नव्हती.

"एकच मार्ग आहे," वृषालीनं फोनवर बापाला आणि चुलत्याला वेगवेगळं सांगितलं. "दोघांनी मिळून तडजोडीची पुरशीस द्यायची, म्हणजे आमचं मिटलं असं कोर्टाला लिहून द्यायचं. बांध सामाईक, त्यावर दगड बसेल, दावा संपला. मी मसुदा करते. सह्या तुमच्या."

फुलाबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं. एका दगडानं जे केलं ते मला एकोणीस वर्षांत जमलं न्हाय."

पण सोपानराव त्या दिवशी जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. फुलाबाईनं शेजारी येऊन विचारलं, "आता काय झालं?"

"सही केली की दावा गेला," ते म्हणाले. "दावा गेला की भांडण गेलं. भांडण न्हाय त्यानं साहेबापुढं बोलायचं न्हाय. साहेब ऱ्हातोय ग, पर माजा गुरुवार जातोय."

"मग बोला की सरळ त्याच्याशी."

"त्यो बोलंना."

"आन् तुमी?"

सोपानरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "मी थोरला हाय," ते म्हणाले. मग त्यांनी तोंड फिरवलं. "त्याचा आवाज ऐकल्याबगर मला आठवडा जाईना, फुले. काय करू?"

फुलाबाई आत गेली आणि पेन घेऊन आली.

बुधवारी तालुक्याच्या कोर्टात दोघं भाऊ न्यायाधीशांपुढं उभे राहिले. एकमेकाकडं न बघता, एक बोलताना दुसरा चिडीचूप, प्रत्येक वाक्याला आधी साहेब. न्यायाधीश नवीन होत्या. त्यांनी पुरशीस दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "इतके शिस्तीचे पक्षकार मी पाहिले नाहीत. तुमच्यात भांडण होतं कशाचं?" खरं सांगायचं तर त्या घडीला दोघांनाही नीटसं आठवत नव्हतं. दावा निकाली निघाला.

गुरुवारी सकाळी अनस स्वतः उभा राहिला. जयवंताचा ट्रॅक्टर आला, दगडाला दोरखंड बांधला, गावातल्या आठ जणांनी मिळून साहेबाला ट्रॉलीत घातला. उताणा ठेवता येईना, मग पालथाच निजवला आणि अंगावर पोतं टाकलं. ट्रॉलीमागं सोपानराव आणि जयवंता चालले. मधे दहा हातांचं अंतर. सोपानरावांना भावाशी बोलायचं होतं, खड्डा नीट खणलाय का एवढंच, पण बोलायचं कुणाकडं तोंड करून? साहेब पालथा. दावा संपलेला. जयवंतानंही दोनदा तोंड उघडलं आणि ट्रॉलीतल्या पोत्याकडं बघून मिटलं. बांधापर्यंतची ती दोनशे पावलं सोपानरावांना लई जड गेली.

बांधावर गुडघाभर खड्डा तयार होता. दोन्ही जावा पदर खोचून उभ्या, वृषाली मोबाईलवर फोटो काढत होती. दगड दोरखंडावर सरकवत खड्ड्याच्या तोंडाशी आणला. सोपानराव एका बाजूनं, जयवंता दुसऱ्या बाजूनं, बाकीचे दोर धरून मागं. साहेब उभा व्हायला लागला. अर्धा उठला, तिरका झाला, आणि सोपानरावांना वाटलं खाली एक खडा अडकलाय. त्यांनी वाकून तो काढायला हात घातला. त्याच वेळी मागचा दोर हातभर सुटला.

"दादा, हात काढ!"

सोपानरावांनी हात मागं घेतला. दगड धप्पकन खड्ड्यात बसला, सरळ, मान किंचित तिरकी.

सगळे थांबले. दोर धरणारे आठ जण, अनस, जावा, सगळे. एकोणीस वर्षांत पहिला शब्द, आणि तो साहेबामार्फत नाही, थेट. जयवंताचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो दोन पावलं पुढं आला, भावाचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून तपासली, उलटी, सुलटी. बोटं सगळी होती. त्यानं हात सोडला नाही.

सोपानरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. हात तसाच भावाच्या हातात ठेवून त्यांनी तोंड दगडाकडं केलं.

"साहेब," ते म्हणाले, "नोंद घ्या. आधी त्यो बोलला."